वासुदेवरावांच्या तोलाची तपासणी

मिल बंद पडून वर्ष उलटलं तरी अच्युतची जॉबरकी उतरली नव्हती, हीच त्याच्या आईची, जनाबाईची, तक्रार. जॉबर म्हणजे मुकादमच, खात्यात विणकरांवर ओरडायची सवय. आता ओरडायला घरचीच माणसं उरली. भाजीत मीठ कमी म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं, बायकोच्या कपाळात लोटा घातला. ती पोर देपालपूरला माहेरी गेली ती गेलीच.

"मेल्या, मिलला टाळं लागलं, तुझ्या तोंडाला कधी लागायचं?" जनाबाई विचारी. साऱ्या छत्रीबाग मोहल्ल्यात तिच्या जिभेपुढे कोणी टिकत नसे. तिच्यासमोर अच्युतही हात आवरून असे.

तशात तिचे मालक, वासुदेवराव, पडायला लागले. ती मंडीतून घरी यावी तर कधी यांचा ओठ फाटलेला, कधी बरगडी काळीनिळी. "पडलो गं," एवढंच म्हणत. जनाबाईनं सगळा दोष धोतराला दिला. उभा जन्म धोतरात काढलेल्या माणसाला लेंगा घालायला लावला. मोरीची फरशी विटेनं घासघासून खरबरीत केली. तरी गेल्या सोमवारी पुढचा दात गेला. उद्या डोकंच फुटलं तर?

धर्मशाळेत डॉक्टरांचं शिबिर होतं, म्हाताऱ्या माणसांचा तोल तपासणार होते. अच्युत स्वतःच टेम्पो घेऊन आला. बापाच्या या पडण्यावरून मोहल्ल्यात कुजबुज फार चालली होती. डॉक्टरणीनंच 'हे पडतात' म्हटलं की लोकांची तोंडं बंद, असा त्याचा हिशेब.

"काकाजी, हात न टेकवता खुर्चीतून उठा," डॉक्टर अनुश्री म्हणाली. "त्या खडूच्या रेघेपर्यंत जा, वळा अन् परत या."

वासुदेवराव उठले, गेले, वळले, येऊन बसले. डॉक्टरीण हातातलं घड्याळ बघून हसली. "वा! एकदम बढिया!"

"पण मॅडमजी, घरी पडतात नं," अच्युत मध्येच बोलला. "तसं लिहा."

"रुको भिया," तिनं अच्युतला थांबवलं, "एक राहिलंय. काकाजी, पाय जुळवून उभे राहा, डोळे मिटा. मी छातीला हलकंसं ढकलीन. भिया, तुम्ही मागे थांबा, तोल गेला तर धरा."

अच्युत चपला घासत बापाच्या मागे गेला. तो आवाज कानी पडला मात्र, डॉक्टरणीचा हात लागायच्या आतच वासुदेवराव मटकन खाली बसले. दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"नको रे अच्युत! तुझ्या आईला नाही सांगितलं मी, शप्पथ!"

जनाबाईनं आधी नवऱ्याकडे, मग पोराकडे पाहिलं.

"बघा, पडले की नाही?" अच्युत हसला. कोणीच हसेना, तसं त्याचं माथं भडकलं. "नाटक करतो का बुढ्ढ्या?" त्यानं मानगूट धरून म्हाताऱ्याला उचललं, कानशिलात दिली, वर लाथ घातली. वासुदेवराव खुर्चीवर आदळले. भुवई फुटून रक्ताची धार लागली. आडवी आलेली डॉक्टरीण भिंतीवर आपटली.

कोपऱ्यात म्हाताऱ्यांना द्यायच्या काठ्या होत्या. जनाबाईनं सगळ्यात जाड उचलली. पहिला तडाखा मनगटावर. हाड कडकन वाजलं. दुसरा नडगीवर. अच्युत "आई गं!" करत फरशीवर लोळला, तेव्हा तिसरा पाठीत.

"काकू, बस! मरेल तो!" डॉक्टरीण ओरडली.

जनाबाईनं काठी टाकली. पदर फाडून नवऱ्याच्या कपाळाला बांधला, त्यांना उभं केलं अन् पोराकडे वळली.

"ऐक रे अच्युत. तुझ्या बापाचा तोल धडधाकट आहे, चार लोकांनी पाह्यला. आजपासून माझा उंबरा तुला बंद. मनगट सांधून घे, मर्जी पडेल तिथं राहा. पण यांच्या अंगाला बोट लावलंस तर तुला मी जन्म दिला हे विसरून दुसराही हात मोडीन."