भावोजींचा ऐकण्याचा सराव

माझे भावोजी लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतात आणि त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असतो. समोरच्यावर भरवसा म्हणून ठेवायचा नाही, हा त्यांचा धंदाच. घरीसुद्धा ताई बोलायला लागली की टेबलाखाली त्यांचा पाय आपोआप दाबला जायचा, तोंड उघडायचं आणि तिचं वाक्य तिथेच थांबायचं. ताईने अख्खा संसार अर्ध्या वाक्यांत केला.

मग त्यांनी निरोगी नात्यांचं शिबिर केलं आणि सुधारूनच परतले. चहा हवा असला की "मला चहाची गरज जाणवतेय", आणि कप उचलून ठेवा म्हटलं की "ही माझी सीमारेषा आहे." आत्मभान असं काही आलं की विचारू नका. भांडी मात्र ताईच घासत होती.

शिबिराचा गृहपाठ होता. जेवताना बायकोचं ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, आणि ती काय म्हणाली ते आपल्या शब्दांत तिला परत सांगायचं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते. भावोजींनी मान तिरकी केली, चेहरा प्रेमळ केला आणि म्हणाले, "बोल."

ताईने घास खाली ठेवला. "अहो, मला दुसऱ्या गावच्या इस्पितळात नोकरी मिळालीय, नर्सेसना शिकवायची. सोमवारी सकाळच्या बसने निघायचंय. तुम्ही सोबत यावं असं फार वाटतं. गाडी शिकणारे तिकडेही भेटतील. पण नाही आलात तरी मी जाणार."

"म्हणजे तुला नव्या वाटेची ओढ आहे आणि माझी सोबत हवी आहे," भावोजी म्हणाले. "तुझ्या भावनेचा मी आदर करतो." मग माझ्याकडे वळून, "बघितलंस? एकदाही अडवलं नाही!"

ताईचे डोळे भरून आले. भावोजींनी आणखी भाजी वाढून घेतली. मला ते भांडंच त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

ताई आपली भोळी. "पहिल्यांदा पूर्ण ऐकलं गं त्यांनी," मला म्हणाली. "येतील बघ."

सोमवारी मी तिला बसमध्ये बसवून द्यायला गेले. तिने शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरली होती. एक आजी दांड्याला धरून उभ्या होत्या आणि पिशवीकडे रागाने बघत होत्या. ताईचं लक्ष दरवाजाकडे.

माझा फोन वाजला. भावोजीच. मी घाईघाईने स्पीकर लावला.

"अगं, तुझी ताई कुठाय? चहा नाही, कपाट रिकामं! न सांगता गेली की काय?"

"सांगितलं की तिने, माझ्यासमोर! तुम्ही तिला परत म्हणूनही दाखवलंत."

"ते होय? अगं, तो तर सराव होता! थांबव तिला!"

ताईने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा आजी," ती म्हणाली. "इथे कुणी येणार नाहीये."