जित्यांच्या वतीनं

इलेक्शनाचं वारं सुटलं आणि मुरबाडच्या अनंताशेटला एकदम सिद्धगडाखालची वाडी आठवली. एरवी बाजारात वाडीची बाई ओट्याला टेकली तरी नाक मुरडणारा हा माणूस! "कमळू, समद्यांना घेऊन सभेला ये. ढोल आणा, नाचा. मोठ्या पुढाऱ्यांसमोर तुमच्या पाण्याचं बोलू देतो," म्हणाला.

इंग्रजी अमलात शेतसारा भरणाऱ्यालाच मत असे; वाडीत कोणाच्या नावावर शेत नव्हतं, म्हणून मतही नव्हतं. पण जंगलाच्या शिपायानं झऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं होतं, आणि बाया हंडे घेऊन पार दरीत उतरत होत्या. म्हाताऱ्या ठमीची सून तिथंच घसरली, पोटातलं पोर गेलं. बाजारातली मराठी येणारा वाडीत एकटा कमळू. तो सगळ्यांना घेऊन गेला.

मेल्यांनी भर उन्हात नाच नाच नाचवलं. पुढारी मांडवात बसून, "वा, काय भोळी माणसं!" म्हणत होते. कमळूला स्वतःच्या पायांची किळस आली, तरी तो नाचला. पाण्यासाठी माणूस काय करत नाही!

शेवटी ठमी पुढं झाली आणि आपल्या बोलीत सांगू लागली. सभा फिदीफिदी हसली. एका दीडशहाण्यानं तर तिची नक्कल केली.

"बसव रे तिला!" अनंताशेट कमळूवर खेकसला. "ती किचकिच कोणाला कळते? तिच्या वतीनं तूच बोल."

"ती बोलंल, मी तुमाला तुमच्या भाषेत सांगन. पण तिच्या वतीनं नाय बोलायचा. आमच्यात जित्या माणसाच्या वतीनं दुसरा कोणी बोलत नाय. मढं उचलायच्या आधी मेलेल्याच्या वतीनं बोलतात, तेवढंच."

"भलतंच काहीतरी!" शेटनं त्याला बाजूला ढकललं आणि स्वतःच सुरू झाला. "या भोळ्या लेकरांच्या वतीनं सांगतो, ही सुखात आहेत, आपल्या पाठीशी आहेत…" पाण्याचं नावसुद्धा नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग वाडीवाल्यांच्या पानांवर मूठमूठ कुरमुरे पडले, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे.

"काय बोलला तो?" ठमीनं विचारलं. कमळूची मान वर होईना. कसंबसं त्यानं सगळं सांगितलं.

म्हातारीनं पान पालथं केलं आणि थुंकली. "म्हंजे आमी मेलो," ती म्हणाली. "उठा. सुतक लागलं. आंघोळ केल्याबिगर कोणी घरात पाय ठेवायचा नाय."

संध्याकाळी माणसं घरी न जाता थेट झऱ्यावर गेली. बायांनी काटे उपसले, हात रक्ताळले तरी थांबल्या नाहीत. शिपाई काठी परजत धावला. "कोणाच्या हुकमानं?"

"शेटनं भर सभेत आमाला मेलेलं ठरवलंन," कमळू म्हणाला. "मढ्यावर कसला रे तुझा हुकूम?" आणि त्यानं भरलेला हंडा उचलून ठमीच्या डोक्यावर ओतला.