हिरव्या गाडीचं शेवटचं वळण

"रुपा, हात लाव इथं," बाबा रुळाखालून म्हणाले. "लाव गो, चावत नाय."

मी वाकून रुळाच्या नळीवर तळहात टेकवला. वरून हिरवी गाडी गेली. लोखंडातून एक सलग गुणगुण हातात आली आणि विरली.

"आता लालच्या खाली जा."

लाल गाडीच्या रुळाला प्रत्येक सांध्यावर ठोका बसत होता.

म्हसा गावच्या जत्रेचा तो शेवटचा दिवस. चढउताराच्या रुळांवरून माणसांना गरगर फिरवणाऱ्या पंढरीशेठच्या दोन ड्रॅगन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एकाच कारखान्यातल्या, एकाच साच्यातल्या. तेवढेच डबे, तेच चढ, तीच मोटर. तरी रांग लागायची ती हिरवीपुढे. हिरवी माझे वडील भगीरथ उभी करायचे, लाल अनंताकाका.

"हिच्यात पोटात गोला येतो, नि त्या लालमदे कंबर मोडते," डोळखांबहून नातवंडांना घेऊन आलेली धोंडीबाई उतरताना म्हणाली. "दोनी सारख्याच ना रे, भगीरथ?"

"गाड्या सारख्याच, आजी. जमीन सारखी नाय."

जत्रा भरते ती कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत. वरून टणक दिसणारी माती आत कुठे घट्ट, कुठे मऊ. गाडी माणसांनी भरली की एखादा खांब तांदळाच्या दाण्याएवढा खचतो, आणि पुढच्या चढावर सगळ्यांच्या कमरेला ते कळतं. पावसाळाभर बाबा गावी शेणव्याला आमचीच खाचरं लावत. म्हणून खांब उभे करायच्या आदल्या दुपारी ते प्रत्येक जागी खळगा करून बादलीभर पाणी ओतत आणि नुसते बघत बसत. जो खळगा पाणी लवकर पिई, तिथली माती पुन्हा चोपून खाली ऐनाच्या लाकडाची जाड फळी.

"आवणी चाललीय रे भगीरथची!" अनंताकाका ओरडत. "गाडी नाय, भात लावतोय!"

सकाळी थंडीनं चाकांचं रबर कडक असे. ते ऊन धरेपर्यंत बाबा डब्यांत वाळूची पोती बसवून फेऱ्या मारत. माणसं नंतर.

शेवटचं वळण मात्र माझं होतं. मी शहापूरला शाळेत शिकवते, आणि हाती येईल ते वाचायची सवय जुनी. जवळून काही सरकत गेलं की तोच वेग जास्त वाटतो, उघड्या माळावर मंद वाटतो, असं मी एकदा जेवताना बाबांना सांगितलं होतं. पुढच्या जत्रेत त्यांनी वळणाच्या दोन्ही अंगांना बांबू रोवून आईच्या जुन्या साड्या ताणून बांधल्या. हात पोचणार नाही इतक्या लांब, पण गाडीतून पाहताना गालाला लागतील अशा. जो विचारी त्याला सांगत, "माज्या पोरीची अक्कल हाय ती. मास्तरीण हाय."

"नि लुगडी माजी," आई म्हणे. "सगल्या तालुक्यानं बगितली."

आमच्यात एक रीत होती. गाडी उभी आहे तोवर तिला चांगली म्हणायचं नाही. दृष्ट लागते. उतरल्यावर बाबा विचारत, "कशी?" आणि आम्ही म्हणायचं, "चालंल." जत्रा उठून गाडी खोलली की बोलायला मोकळीक असे, पण तेव्हा सगळे टेम्पो भरायच्या घाईत. त्या संध्याकाळीही मी शेवटच्या डब्यातून उतरले.

"कशी?"

"चालंल."

ते समाधानानं हसले.

दोन दिवसांनी सकाळी ते अंगणात चपला घालायला म्हणून बसले, ते उठले नाहीत.

पुढची जत्रा धसईच्या पलीकडच्या गावात होती. आई म्हणाली, जाऊन येऊ. अनंताकाकांनी दोन्ही गाड्या एकट्याच्या अंगावर उभ्या केल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा लोक हिरवीतून कंबर धरून उतरत होते.

"वैनी, हिच्यात आता दम नाय," पंढरीशेठ खाली बघत म्हणाला. "हितून उचलली की देतो विकून. भगीरथ होता तवर तिची गोष्ट येगली होती."

अनंताकाका पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले.

आईनं पदर खोचला. "पंढरीभाऊ, एक दिवस द्या."

"खांब काढावं लागतील गो सगले," अनंताकाका म्हणाले.

"मग काढा."

दुपारी आईनं बादलीनं पाणी ओतलं आणि मी खळग्यांवर लक्ष ठेवून बसले. काही खळगे पाणी धरून राहिले, काही बघता बघता कोरडे झाले. अनंताकाकांनी फळ्या आणून टाकल्या. "आता मायलेकी आवणीला," एवढं म्हणून ते माती चोपायला वाकले.

आईनं घरून आणलेलं साड्यांचं गाठोडं सोडलं. वर एक जवळजवळ कोरी साडी होती.

"आई, ही चांगली आहे की."

"तुज्या बाबांनीच घेतलेली. बांद."

दुसऱ्या दिवशी पोत्यांच्या फेऱ्या झाल्यावर पहिला पंढरीशेठ बसला. उतरला तो पोटावर हात ठेवून. मग म्हणाला, "अनंता, लाल विकू काय रे?"

"मलाच विका," अनंताकाका म्हणाले आणि दोघंही हसले.

नंतर मी शेवटच्या डब्यात बसले. चढ आले, गेले. कुठे ठोका नाही. पायाखाली तीच सलग गुणगुण होती. शेवटच्या वळणावर आईच्या साड्या दोन्ही बाजूंनी गालाशी आल्या, सगळ्यांत शेवटी ती कोरी.

उतरले तेव्हा अनंताकाकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशी?"

गाडी उभी होती, जत्रा अजून उठायची होती. आई माझ्याकडे बघत होती. तिनं मला थांबवलं नाही.

मी रुळाच्या नळीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुमची गाडी चांगली हाय."