डाव्या पायाला चेन

मोजणीसाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. कुणाचा बांध कुठे सरकलाय, कुणाचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत घुसलंय, हे त्यांनी एकदा सांगितलं की सांगितलं, मग समोरचा कितीही थयथयाट करो. रिटायर झाले तरी खोड काही गेली नाही. लेकीच्या परदेशातल्या घरी उतरले आणि पहिल्याच सकाळी, चहा व्हायच्या आत, बाल्कनी वितींनी मोजून मोकळे झाले.

"फसवलंय तुला. ही भिंत काटकोनात नाही."

"बाबा, घर भाड्याचं आहे," लेक म्हणाली.

"मग भाड्यात फसवलंय!"

तर असा हा माणूस. सगळं जग मोजून झालं, फक्त स्वतःचे पाय तेवढे राहिले. ते मोजायची गरजच नव्हती म्हणा. डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड आहे हे त्यांना कळायला लागल्यापासून माहीत होतं. नोकरीच्या वेळी तपासणीला उभं केलं तेव्हा त्यांनी डावी टाच हळूच वर उचलून धरली. डॉक्टर नेमका चष्मा पुसत होता, निभावून गेलं. पण नोकरी जाईल ही भीती मनात बसली ती बसलीच, आणि लपवाछपवीची सवय लागली. चालताना अंग डावीकडे जरा झुकायचं, तर या पठ्ठ्याने त्याचीच ऐट केली. छाती काढून, हात झुलवत, असे झोकात चालायचे की ऑफिसातली माणसं म्हणायची, "साहेबांचा रुबाब बघा!" साहेब मनातल्या मनात हसायचे आणि आणखी झोकात चालायचे.

हे गुपित दोनच माणसांना ठाऊक होतं. एक बायको. तिच्यापासून काय लपणार? आणि दुसरा गावाकडचा त्यांचा टेलर. तो पँट शिवायला घेताना एवढंच विचारायचा, "नेहमीसारखी?" हे म्हणायचे, "नेहमीसारखी." आणि डावा पाय इंचभर आखूड शिवून यायचा. इतकी वर्षं झाली, पण दोघांत या विषयावर चकार शब्द नाही.

लेकीला मात्र सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, त्यांना सांगवेना. ती लहान असताना शाळेत तिने सगळ्या वर्गाला ऐकवलं होतं, "माझे बाबा जगात सगळ्यात भारी चालतात." बाईंनी ते गॅदरिंगमध्ये साहेबांना कौतुकाने सांगितलं आणि साहेब घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते. आता त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता पोरगी मोठी झाली, शिकली, परदेशात जाऊन नोकरीला लागली. ज्या माणसाने कुणालाही भीक घातली नाही, तो एवढ्याशा गोष्टीसाठी स्वतःच्या लेकीला घाबरत होता.

आणि घोडं अडलं ते नेमकं इथेच. लेकीने खास सुट्टी काढून बापलेकीचा प्रवास आखला होता. आधी आगगाडी, मग बोट आणि शेवटी डोंगरातली पायवाट. आई घरीच आराम करणार होती, कारण डोंगर हा शब्द ऐकूनच तिचे गुडघे कुरकुरायचे. साहेब तर हरखून गेले होते. पण लेकीने त्यांची बॅग उघडली आणि कपाळाला हात लावला.

"या इस्त्रीच्या पँटी घालून डोंगर चढणार? पाऊस आला तर वाळायला आठवडा लागेल. आणि पासपोर्ट कुठे ठेवाल, शर्टाच्या खिशात?"

मग तिने त्यांना दुकानांत फिरवलं. साहेबांनी प्रत्येक पँटीत खोट काढली. हिचं कापड खरखरतं, हिचा रंग विटेल, ही घातली तर मी प्लंबर दिसेन. खरं कारण एकच, की प्रत्येक पँटीचे दोन्ही पाय सारखे होते. शेवटी लेक वैतागली.

"बाबा, तुम्ही म्हणजे ना! ठीक आहे. इथे एक टेलरबाई आहे, ती खास प्रवासाच्याच पँटी शिवते. आतून चोरखिसा, चेनचे खिसे, कापड असं की रात्री धुतलं की सकाळी वाळतं. तुमच्या मापाची शिवून घेऊ. आता नाही म्हणायचं नाही."

साहेबांची पाचावर धारण बसली. टेलरबाईला यांची भाषा येत नव्हती आणि यांना तिची. म्हणजे पायाचं जे काही सांगायचं ते लेकीच्याच तोंडून जाणार! त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. ती शांतपणे तांदूळ निवडत होती.

"सांगून टाका की एकदाचं," ती म्हणाली. "लेक आहे ती तुमची, कलेक्टर नाही."

"तू यात पडू नकोस."

"मी कशाला पडते? पडाल तुम्हीच, पँट पायात अडकून."

टेलरबाईचं दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. खिडकीपाशी दोन मशिनी, मध्ये वाफ सोडणारं इस्त्रीचं टेबल, भिंतीशी कापडाचे गठ्ठे, आणि फरशीवर दोऱ्यांचे इतके तुकडे की चपलेला चिकटून घरापर्यंत यावेत. बाई चांगली ऐसपैस होती, चष्मा डोक्यावर, मनगटाला टाचण्यांची गादी, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. तिने साहेबांना धरून भिंगरीसारखं फिरवलं. कंबर, मांडी, गुडघा, मग उजव्या पायाची लांबी. आणि टेप गळ्यात टाकून मोकळी! जगातले सगळे टेलर एकाच पायाची लांबी घेतात. दुसरा तेवढाच असणार, त्यात काय बघायचं?

आता गप्प बसून चालणार नव्हतं. साहेबांनी शक्कल लढवली.

"मला कॉफी हवी," ते लेकीला म्हणाले.

"तुम्ही कॉफी कधीपासून प्यायला लागलात?"

"आत्तापासून. कोपऱ्यावर दुकान आहे, घेऊन ये जा."

लेक बाहेर पडली तशी साहेबांनी घाईघाईने नाटक सुरू केलं. डाव्या पायावर थापट्या मारल्या. मग खाली वाकून घोट्यापाशी हात आडवा धरला आणि तो सुरीसारखा फिरवला. कापा, इथे कापा! बाई नुसती बघत राहिली. साहेबांना वाटलं, नीट दिसलं नसेल. त्यांनी हात जरा वर नेऊन पुन्हा कापून दाखवलं. आणखी वर. होता होता हात गुडघ्यापर्यंत पोचला.

"आऽऽ!" बाईचा चेहरा उजळला. तिने खणातून एक लांब चेन काढली आणि त्यांच्या गुडघ्याला आडवी लावून दाखवली.

साहेबांना वाटलं, हिला कळलं बुवा, आणि आता ही खिशाच्या चेनचं काहीतरी विचारतेय. त्यांनी जोरजोरात मान हलवली. तरी खात्री असावी म्हणून पुन्हा डाव्या पायावर थापट्या मारल्या, मग उजव्याकडे बोट दाखवून नाही नाही केलं. हाच. फक्त हाच! बाईने भुवया उंचावल्या, खांदे उडवले आणि कापडावर खडूने खूण केली. लेक कॉफी घेऊन आली तोवर साहेबांचा जीव भांड्यात पडला होता. ती कडूजहर कॉफी त्यांनी हसत हसत संपवली.

पँट तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा बायकोही हट्टाने बरोबर आली. साहेब पडद्याआड जाऊन पँट चढवून बाहेर आले. कापड झकास, रंग मातकट, चोरखिसा असा की चोरालाही सापडू नये. पण लेक बघायला लागली ती बघतच राहिली.

"बाबा, हे काय आहे? डाव्या गुडघ्याला चेन?"

टेलरबाई हौसेने पुढे आली. तिने सर्रकन चेन ओढली आणि पँटीचा डावा पाय गुडघ्याखालून सुटून तिच्या हातात आला. मोजणीसाहेब उभे! एका बाजूने फुलपँट, दुसऱ्या बाजूने हाफपँट. बाईने काहीतरी अभिमानाने सांगितलं.

"ती म्हणतेय, उकडलं की पाय काढून ठेवायच्या अशा पँटी ती नेहमी शिवते," लेक म्हणाली. "पण एकच पाय निघणारी पहिल्यांदाच शिवली. म्हणे तुम्हीच सांगितलं तसं!"

"हो," साहेब म्हणाले. आता दुसरं काय म्हणणार? "मला त्याच पायाला उकडतं."

बायको मटकन स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून अशी हसली, अशी हसली की तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"बरं, लावा तो पाय परत आणि जरा चालून दाखवा," लेक म्हणाली. तिचंही हसू आवरत नव्हतं.

साहेब दोन पावलं चालले. तिसऱ्या पावलाला डाव्या टाचेखाली कापड आलं, आणि इस्त्रीचं टेबल धरलं म्हणून बरं, नाहीतर आडवेच झाले असते. लेकीचं हसू पळालं. तिने बघितलं तर पँटीचा डावा पाय फरशीवर लोळत होता.

झालं! लेक शेवटी मोजणीसाहेबांचीच. तिने टेलरबाईला फैलावर घेतलं. शब्द कळत नव्हते, पण सूर साहेबांच्या चांगला ओळखीचा होता. बांध सरकवणाऱ्यांशी ते स्वतः त्याच सुरात बोलत. बाई आधी चकित झाली, मग तिने टेप काढून उजव्या पायाची लांबी पुन्हा घेतली. बरोबर होती. पँटीच्या दोन्ही पायांना टेप लावून दाखवला. सारखे होते. लेक ऐकेना. तुम्हाला शिवता येत नाही, मी ही पँट घेणार नाही, इतरांनाही सांगणार आहे, असं काहीतरी ती म्हणाली असावी, कारण बाईची टकळी एकदम बंद पडली. ती टेप हातात धरून गुपचूप उभी राहिली, आणि तिचा तो ऐसपैस चेहरा एवढासा झाला.

साहेबांना ते बघवेना. स्वतःच्या खोटेपणापायी त्यांनी आजवर कुणाला बोल लागू दिला नव्हता. बायको त्यांच्याकडे बघत होती. आता ती हसत नव्हती.

"थांब," ते म्हणाले. "तिला बोलू नकोस. चूक तिची नाही."

"अहो बाबा, तुम्ही पडला असता आत्ता!"

"तिला सांग, पँट बरोबर आहे." "तिला सांग, माझा डावा पाय इंचभर आखूड आहे."

लेक वळली. तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे, मग आईकडे. आईने मान डोलावली.

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"आणि मला माहीत नाही?"

"तू भर वर्गात सांगून आलीस ना, माझे बाबा सगळ्यात भारी चालतात म्हणून," साहेब कसेबसे म्हणाले. "मग मला सांगवेना. लाज वाटली."

 टेलरबाईकडे वळून लेकीने हळू आवाजात, अडखळत सांगितलं. आधी बहुतेक माफी मागितली असावी, कारण बाईने तिचा दंड थोपटला. मग बाईने साहेबांच्या डाव्या पायाकडे बघून कपाळावर हात मारला, गुडघ्यापाशी कापून दाखवायची त्यांची नक्कल केली, आणि दुकान हादरेल असं हसली. लगेच वाकून तिने डाव्या पायाची लांबी घेतली, टाचण्या लावल्या, आणि उठता उठता लेकीला काहीतरी विचारलं. लेक गोंधळली.

"काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

"विचारतेय, तुझा कुठला पाय आखूड आहे? म्हटलं, माझे चांगले आहेत. तर ऐकतच नाही. म्हणे तू दुकानात पहिल्यांदा आलीस तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, लाजू नकोस."

बाईने तिला खूण केली, चाल. लेक दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. साहेब बघत होते. अंग डावीकडे जरा झुकतंय, खांदा खाली जातोय, हात झुलतोय. तोच झोक! रोज डोळ्यांसमोर असलेली चाल त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

म्हणजे आपलं हे पोरीलाही गेलं? आणि आपण तोंड शिवून बसलो म्हणून तिला कुणी सांगितलंही नाही?

"तो टेप द्या इकडे," ते म्हणाले, आणि बाईच्या हातातून त्यांनी तो घेतलाच. लेकीला टेबलाशी सरळ उभं केलं. टाचण्या लावलेल्या पँटीत, गुडघे मोडून ते फरशीवर बसले आणि तिचा उजवा पाय मोजला, मग डावा. परत उजवा, परत डावा. बांधाचा निकाल देतानाही त्यांनी कधी इतक्या वेळा टेप लावला नव्हता.

"सारखे आहेत," ते वर बघत म्हणाले. "दोन्ही अगदी सारखे आहेत."

"मग मी अशी का चालते?"

उत्तर बायकोने दिलं.

"यांचं बोट धरून चालायला शिकलीस ना, म्हणून."

 लेक म्हणाली, "नाचाच्या बाई सारख्या ओरडायच्या, सरळ चाल, सरळ चाल. मला वाटायचं, यांना काय कळतंय? माझे बाबा असेच चालतात." तिने नाक ओढलं. "आता शिकू का मग सरळ चालायला?"

"खबरदार!" साहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की टेलरबाई दचकली. आणि फरशीवर, त्या दोऱ्यांच्या तुकड्यांत बसल्या बसल्या, त्यांना रडूच कोसळलं.

बाई घाबरून लेकीला काहीतरी विचारायला लागली.

"बाबा, तिला वाटतंय टाचणी लागली तुम्हाला. काय सांगू?"

साहेबांनी बाहीने डोळे पुसले.

"सांग तिला," ते म्हणाले, "माप बरोबर निघालं."