सांजारच्या बोटांचा ठसा

मित्रांनो, मला जुना म्हणा, प्लॅस्टिकचा म्हणा, शिकाऊंचा म्हणा, मी रागावणार नाही. मी कॅमेरा आहे. माझ्या मुठीवरचं रबर सुटलंय, डोक्यावरच्या चकतीवरची चित्रं पुसट झालीत, तरी बटण दाबलंत की आतला आरसा अजून 'खट्' करून उडतो. आम्ही बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी काराकोल गावात राहतो. आम्ही म्हणजे मी आणि सालकिन.

सालकिन तेव्हा लोकरीचे जोडे शिवायची आणि तिला फोटोंचं वेड लागलं होतं. दुकानात माझ्या शेजारी एक जाडजूड, दिमाखदार कॅमेरा होता. दुकानदार सगळ्यांना तोच दाखवायचा. मला त्यानं नाखुशीनंच फळीवरून काढलं.

"ताई, हा नवशिक्यांचा. कमी उजेडात चाचपडतो. धडाधड फोटो काढायला गेलात तर दमतो."

"मग मी काय आईच्या पोटातून शिकून आलेय?" सालकिन म्हणाली. "दमला तर बसू दोघं."

तिनं हातमोजे न काढताच मला उचललं. बटणं लागतात का, चकती फिरते का, गळ्यात अडकवल्यावर मान अवघडते का, सगळं पाहिलं. आमच्याकडच्या थंडीत बोटं उघडी टाकून फोटो काढणं म्हणजे काही खेळ नव्हे. त्या जाडजूडाची बारीक बटणं हातमोज्यांत सापडेनात, माझी मोजकी आणि मोठी, ती सापडली. तेवढ्यावर ती मला घरी घेऊन आली. त्या दिवसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे तिनं मेंढ्यांचे फोटो काढले, किटलीचे काढले, चुलत्यांचे डोकं कापलेले फोटो काढले. फोटो हलला तर ती मला कधी बोलली नाही. चकती फिरवून पुन्हा बघायची. मीही तिला मनापासून शिकवलं.

मग शेजारच्या बुरुलआजींकडून बोलावणं आलं. त्यांचा नातू सांजार चालू लागला होता. आमच्याकडे मूल चालू लागलं की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोर सैलसर बांधतात. लांबून मुलं धावत येतात आणि जो पहिला येईल तो दोर कापतो. मग मूल जन्मभर अडखळत नाही, असं मानतात. सांजारचा बाप उलान दूर परदेशी, नोवोसिबिर्स्कला इमारतींच्या कामावर होता. पोराच्या जन्माआधीच तिकडे गेलेला. त्यानं फोनवर सालकिनला एवढंच सांगितलं होतं, "ताई, दोर कापतानाचा एक फोटो दे. दुसरं काही मागत नाही."

समारंभ कुरणात होता. कढईतून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून निघत होते. सांजार आईचं बोट धरून उभा होता, पायांत दोर. लांबून पोरं सुटली आणि इथंच घोळ झाला. शर्यत म्हटली की आमच्या माणसांचं भान सुटतं, मग ती घोड्यांची असो नाहीतर शेंबड्या पोरांची. सगळे ओरडायला लागले. सगळ्यांचे मोबाइल शर्यतीकडे वळले. सालकिनही ओरडत होती आणि तिचं बोट माझ्या बटणावर दाबलेलंच होतं. मी फोटोमागून फोटो गिळत गेलो. माझं पोट ते केवढं! घास घशाशी आले आणि मी थांबलो.

तेवढ्यात वेण्या घातलेली एक मुलगी पहिली आली, आजींनी सुरी दिली, आणि दोर कापला गेला.

सालकिन बटण दाबत होती. "अरे बाबा, चल ना! चल की रे!"

मी कसा चालणार? पाठीवरचा लाल दिवा लुकलुकत होता. टाळ्या वाजल्या. सालकिन मटकन गवतात बसली, मला मांडीवर टाकून.

"आला ना फोटो?" आजींनी विचारलं.

"नाही आला, आजी. पुन्हा बांधता का दोर? एकदाच?"

"तुझ्या जिभेला काही हाड? सुटलेलं पोर परत बांधायचं?"

त्या दोघींचं चाललेलं असताना सांजारनं आईचं बोट सोडलं. त्याला माझी काच चमकताना दिसली असावी. हात पुढे करून तो एकटाच डुलत डुलत माझ्याकडे निघाला. एव्हाना गिळलेले फोटो एकेक करून कार्डावर उतरले होते आणि माझं पोट रिकामं झालं होतं. सालकिननं मला उचललंसुद्धा नाही, मांडीवरूनच बटण दाबलं. खट्. एकच फोटो. लगेच सांजारनं माझ्या काचेवर बोरसोकची तेलकट बोटं टेकवली.

फोटो पाहून उलानचा फोन आला. सालकिन रडवेली झाली. "दादा, चुकलं माझं."

"कापतानाचा फोटो घरोघरी असतो, ताई," तो म्हणाला. "माझ्याकडे माझा पोरगा चालत येतोय."

वसंतात उलान परतला. सांजार त्याला पाहून आजींच्या झग्यामागे लपला. त्या उंचापुऱ्या माणसाचा चेहरा कसा उतरला! सालकिननं त्याला गवतात बसवलं आणि मला त्याच्या मांडीवर ठेवलं. सांजारनं झग्याआडून डोकावून पाहिलं. मग आला हळूहळू. काचेवर बोटं टेकवली आणि मान वर करून त्या अनोळखी चेहऱ्याकडे बघत राहिला. उलाननं मला अलगद बाजूला ठेवलं आणि मांडीवरची ती जागा सांजारनं घेतली.

आता सालकिनकडे मोठा कॅमेरा आहे आणि शिकायला येणाऱ्यांच्या हाती ती आधी मला देते. "हा दमतो," ती सांगते, "तेव्हा तुम्ही घाई करू नका." मित्रांनो, मला धुळीपासून जपा, टोपण लावायला विसरू नका, काच मऊ कापडानं पुसत जा. सालकिन रोज पुसते. उलान परतला त्या दिवशी मात्र तिनं कापड खिशातून काढलं, काचेवरच्या सांजारच्या ठशाकडे पाहिलं आणि कापड परत खिशात ठेवलं.