खिडकीजवळचे एकतीस इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे. कपड्यांची मापं घेणारी, पिवळी, साठ इंची. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं आणि गळ्यात घातलं. तिथेच माझी तीस वर्षं गेली.

किती खांदे, किती कंबरा मी पाहिल्या! बायका पोट आत ओढून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "जरा सैल धरा हो." बाई हसून म्हणत, "मी सैल धरीन, पण ही खोटं बोलायची नाही." ते ऐकून मी फुलून जायचे. बाईंच्या मुलाच्या शाळेच्या पहिल्या चड्डीचं मापही मीच घेतलं.

त्याच मुलाने माझा घात केला. मोठा झाल्यावर एकदा त्याला कॉम्प्युटरमागच्या वायरी बांधायला पट्टी हवी होती. त्याने कापडाची कात्री उचलली आणि माझे पहिले दोन इंच कापून नेले.

"अरे, तोंडच कापलंस की रे तिचं!" बाई ओरडल्या.

"दोनच इंच तर गेले, आई. अजून अठ्ठावन्न आहेत तिला."

तेव्हापासून बाई प्रत्येक मापातून दोन वजा करतात. मुलगा विसरला. मी विसरले नाही.

गेल्या महिन्यात त्याला नवा मॉनिटर घ्यायची लहर आली. लांबट, चौतीस इंची, आत वाकलेला. दिवसा ऑफिसचं काम आणि संध्याकाळी गेम, दोन्ही त्याच्यावरच.

"सपाट सत्तावीस इंची घे, कुठेही मावेल," सून म्हणाली.

"सपाट नको. वाकलेला असला की दोन्ही कडाही डोळ्यांपासून मधल्या भागाइतक्याच लांब राहतात. बाजूने येणारा शत्रू लगेच दिसतो."

"शेजारी बसलेली आई दिसत नाही, शत्रू मात्र दिसायला हवेत!"

बाई मशीनवरूनच म्हणाल्या, "वाकडाच घ्यायचा तर स्वस्तात माग. मी वाकडं शिवलं की गिऱ्हाईक पैसे कापतं."

हसण्यावारी गेलं असतं. पण तो म्हणाला, "आई, मॉनिटर तुझ्या खिडकीपाशी बसवू. तुझं मशीन मागच्या खोलीत हलवतो."

बाईंचं मशीन थांबलं. मागच्या खोलीत दिवसाही अंधार असतो आणि खिडकीच्या उजेडाशिवाय बाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही. मशीन मागे गेलं म्हणजे शिवण बंद. शिवण बंद म्हणजे मीही बंद.

चौतीस इंच हे त्या मॉनिटरचं तिरकं माप. रुंदी बत्तीस, असं त्याने मोबाइलवर वाचलं. मग भिंत आणि कपाट यांच्यामधली जागा मोजायला त्याने हात पुढे केला, तो माझ्याकडेच! कापलेलं टोक त्याने भिंतीला टेकवलं आणि मला कपाटापर्यंत ताणलं. मी अंगावर एक सुरकुती पडू दिली नाही.

"तेहतीस! इंचभर जागा उरतेय."

खरी जागा होती एकतीस इंच.

बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. त्या काढून बोलता आलं असतं. त्यांनी तिसरी टाचणी ओठांत धरली.

मॉनिटर आला. मुलाने खोका टराटरा फाडला, स्टँड जोडला आणि मॉनिटर जागेत सरकवला. एक बाजू आत गेली, दुसरी कपाटावर आपटली. तिरका करून पाहिला, तर त्याचा बाक भिंतीला अडला. मुलगा घामाघूम झाला. मी बाईंच्या गळ्यात झुलत होते. तेवढं सुख मला आजवर कुठल्याच कौतुकाने दिलं नव्हतं.

"आई, तुला माहीत होतं ना?"

"माप तू घेतलंस. म्हटलं, जाणत्या माणसाच्या कामात आपण कशाला बोला?"

सून तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

फाटक्या खोक्यामुळे दुकानदार माल परत घेईना. आता तो मॉनिटर मागच्या खोलीत असतो आणि मुलगा त्याच्यासमोर. बाई खिडकीतच शिवतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपून वापरा. हातून एखादीचं नुकसान झालंच, तर तिच्याकडे पुन्हा काम मागताना आधी मान खाली घाला. परवा मुलाने माफी मागितली. माझी नव्हे, बाईंची. बाई म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जाऊ." त्यांनी खुशाल विसरावं. त्या आई आहेत. मी टेप आहे.