झोळीखाली मी नव्हते

"राखेत लोळू नोको व तांबे! एखाद दिवशी तुही मालकीणच तुले वळखणार नाई."

बापूजी हे मला कितीदा तरी म्हणाले होते. मी शेपटी हलवायचे आणि पुन्हा लोळायचे. आपल्या माणसांना आपण ओळखू येणार नाही, हे कुठल्या कुत्रीला खरं वाटेल?

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. कुरखेड्याच्या पलीकडे, एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल, अशा गावात मी जन्मले. रंग घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखा, म्हणून नाव तांबी. बापूजी आणि सुगंधाबाई हे घरातले म्हातारा-म्हातारी, खुशाल त्यांचा मुलगा आणि साधना ही सून.

माझ्या पहिल्या वेताची पिल्लं गोठ्यामागून बिबट्याने नेली. त्यानंतर किती दिवस मी कुणाजवळ गेले नाही. अशातच बाळंतपण आटोपून साधना माहेराहून परतली. बाळाला, म्हणजे विक्कीला, ओसरीवर ठेवून ती पाण्याला वळली, तशी मी उठले आणि बाळाच्या पायथ्याशी जाऊन बसले. सुगंधाबाई काठी घेऊन धावल्या.

"राहू द्या ना आत्याबाई," साधना सासूला म्हणाली. "राखणच करून राह्यली ते."

त्या दिवसापासून विक्की जिथे, तिथे मी. तो रांगायला लागला तेव्हा मी त्याच्यापुढे आडवी पडायचे, म्हणजे पायरी यायच्या आत त्याला माझी पाठ लागायची. भाकरीचा पहिला घास तो खायचा, उरलेली भाकर मला द्यायचा. त्याने खाल्ल्याशिवाय मी तोंड लावत नसे. कुणी शिकवलं नव्हतं, पण सवय पडली ती पडली.

साधना बी.ए. झालेली. तिला साऱ्याची काळजी. विहिरीवर फळी आहे का, चुलीतला निखारा विझला का, झोपलेल्या लेकराचा श्वास नीट चाललाय का. खुशाल तिला हसायचा, "तुह्या डोळ्याले सुट्टी नाई का व?" मला मात्र ती फार जवळची वाटायची. मीही तशीच होते.

आमच्याकडे उन्हाळा लागला की मोह गळतो. त्याआधी जो तो आपापल्या झाडाखालचा पाला जाळून घेतो, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं उठून दिसतात. मग दिवस उगवायच्या आत माणसं टोपल्या घेऊन निघतात आणि त्यांच्या मागे आम्ही. पहाटे अंगाला गारवा झोंबतो आणि राख असते मऊ. साऱ्या गावची कुत्री तिच्यात लोळतात. काळं काळं राहत नाही, तांबडं तांबडं राहत नाही. सगळी एकाच रंगाची होऊन बसतात.

विक्की अडीच वर्षांचा असतानाची गोष्ट. साधनाने मोहाच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, त्यात गोधडी घालून त्याला निजवलं आणि मला म्हणाली, "तांबे, बस इथी." फुलं वेचताना तिची एक रीत होती. मधूनमधून मान वर करायची. झोळीखाली कुत्री दिसली की पुन्हा वाकायचं. कुत्री आहे म्हणजे लेकरू आहे. इतका तिचा माझ्यावर भरवसा होता.

उजाडता उजाडता विक्की जागा झाला. झोळी जमिनीपासून हातभरच वर. तो अलगद घसरला, एक फूल तोंडात टाकलं आणि पुढचं उचलायला गेला. मग त्याच्या पुढचं. गोड वस्तू आणि लेकरू, थांबतं कुठे? फुलं वेचत तो नाल्यात उतरला. मी त्याच्या मागे.

इकडे काय झालं ते मला पुढे गावाच्या तोंडून कळलं. जंगूभाऊचं झाड आमच्या शेजारी. त्यांची बगळी नावाची पांढरीशुभ्र कुत्री लोळून लोळून राखाडी झालेली. माझी जागा रिकामी दिसली, तिथली राख माझ्या अंगाने उबदार झालेली. बगळी तिथे येऊन पसरली. वर झोळीत गोधडीचा फुगवटा तसाच. साधनाने मान वर केली, कुत्री पाहिली आणि पुन्हा वाकली.

नाल्यात मात्र आमच्यासमोर अस्वल होतं. माणसाइतकंच त्यालाही मोहाचं वेड. ते पलीकडच्या झाडाखाली मान घालून खात होतं. विक्की हसून म्हणाला, "भू भू!"

अस्वलाने मान उचलली.

मी मधे उभी राहिले आणि जीव तोडून भुंकले. एकटी असते तर पळून गेले असते. पण विक्कीला पळता कुठे येत होतं? ते दोन पायांवर उभं राहिलं, फुत्कारलं, पंजा आला. माझा डावा कान फाटला. मी हलले नाही.

माझं भुंकणं झाडाखाली ऐकू जात होतं, मित्रांनो! साधना दचकून म्हणाली, "अवो, तांबी भुकून राह्यली का?"

"तांबी ते काय झोळीखाली निजली आहे," खुशाल म्हणाला. "त्या पल्याडच्या झाडाखालच्या वारलूचं कुत्रं असन. तुले तर पान हाललं तरी वाघ दिसते!"

साधना वाकली, पण तिचा हात फुलाकडे जाईना. ती उठली, फडक्यातली भाकर घेतली आणि झोळीजवळ गेली. "घे तांबे." बगळीने भाकर हातातून ओढली आणि एका दमात गिळली.

साधना थिजली. विक्कीच्या आधी तांबी खात नाही.

"हे आपली तांबी नोहे!" तिने झोळी उघडली. आत नुसती गोधडी. "अवो, भुकून राह्यली तेच तांबी आहे! धावा!"

मग मात्र काय सांगू! साधना सगळ्यांच्या पुढे, अनवाणी, हातात रिकामा डबा बडवत. मागे खुशाल, जंगूभाऊ, वारलूभाऊ, साऱ्या झाडांखालची माणसं आरडाओरडा करत. नाला नुसता दणाणला. अस्वलाने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि पाठ फिरवून झुडपात घुसलं. साधनाने विक्कीला उचललं. त्याची मूठ उघडून पाहिली तर त्यात दोन फुलं होती. एक त्याने तिच्या तोंडात घातलं, दुसरं माझ्या.

त्या दिवशी गावात आमची वरातच निघाली. विक्की खुशालच्या खांद्यावर, सर्वांत पुढे मी. तळ्यावर साधनाने स्वतः मला धुतलं. राख वाहून गेली आणि खालून माझा तांब्याचा रंग निघाला, तशी पोरांनी टाळ्या पिटल्या. बापूजी म्हणाले, "म्या म्हटलं नोवतं? वळखू नाई येणार म्हून!"

"तुमीन तिले सांगतलं," सुगंधाबाई फणकारल्या, "सुनेले काऊन नाई सांगतलं?"

आणि ज्यांनी काठी उगारली होती, त्याच सुगंधाबाईंनी मला ओसरीवर बोलावून पळसाच्या पानावर दूधभात वाढला. विक्कीला आधी एक घास द्यायला त्या विसरल्या नाहीत. बगळीलाही भात मिळाला. तिचा काय दोष? ती आपली उबेला निजली होती.

आता विक्की गडचिरोलीला शिकायला असतो. मला नीट दिसत नाही. घरात नवं पिल्लू आलंय, त्याचे लाड होतात, मी एरवी गोठ्याच्या कडेला असते. पण माझा फाटका कान पाहून गावातलं कुणीही दुरून म्हणतं, "ते पाहा, साधनाबाईची तांबी." आता मी कितीही लोळले तरी मला कुणी चुकत नाही!

साधनाला आता मुलगी झाली. मी तिच्याही पाळण्याखाली निजते. साधना येते, माझ्या डोक्यावर हात ठेवते, मग वाकून पाळण्यातही पाहते. मला त्याचा राग येत नाही. पाहायलाच हवं.

मित्रांनो, तुमच्या घरातही पलीकडच्या खोलीत कुणी लहानगं निजलं असेल. दाराशी कुत्रं बसलंय, पांघरुणाचा फुगवटा दिसतोय, म्हणजे ते आहेच, असं धरून बसू नका. हे पान असंच राहू द्या. उठा, आणि पांघरूण जरा बाजूला करून त्याचं तोंड पाहून या.